पाकिटावरचे चित्र पाहून कोणी विडी सोडतो का?

मूळ प्रस्ताव : पिंपळपान

माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होते आणि दिवसाला विडीचे एक बंडल संपवीत. बंडलाच्या कागदावर कर्करोगाने पोखरलेल्या तोंडाचे चित्र येऊ लागले तेव्हा त्यांनी विडी कमी केली नाही. टपरीवरून आले की बंडल सोडायचे, विड्या पत्र्याच्या जुन्या डबीत भरायच्या आणि कागद चुलीत टाकायचा, एवढा एक रिवाज मात्र सुरू केला. मी एकदा विचारले, ‘‘बाबा, त्या चित्राकडे तुम्ही बघता तरी का?’’ ते म्हणाले, ‘‘बघवत नाही म्हणून तर डबी काढली.’’ हे उत्तर कित्येक वर्षे माझ्या मनातून गेलेले नाही, आणि हा प्रस्ताव मी त्यातूनच मांडत आहे.

आपल्या देशाने भीतीचा मार्ग मोठ्या विश्वासाने स्वीकारला आहे. २००९ साली पाकिटाच्या दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर सचित्र इशारा आला आणि १ एप्रिल २०१६ पासून तो दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर पसरला. ज्या चित्रपटांत तंबाखूसेवनाची दृश्ये आहेत, त्यांच्या आरंभी आणि मध्यंतरानंतर आरोग्यविषयक चित्रफीत दाखवणे ऑक्टोबर २०१२ पासून बंधनकारक झाले. मुकेश हराणे या चोवीस वर्षांच्या तरुणाची चित्रफीत आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग झालेला हा महाराष्ट्रातला मुलगा २००९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात वारला, म्हणजे त्याचा आवाज चित्रपटगृहांतून घुमू लागला तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती. पुढे त्याच आवाजाची प्रेक्षागृहात नक्कल होऊ लागली, महाविद्यालयीन मुले त्याच्या वाक्यावर हसू लागली. मला याचे अतिशय वाईट वाटते. परंतु मुले निर्दय आहेत म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. भयंकर गोष्ट पुन्हापुन्हा समोर आणली आणि तिच्यापासून सुटण्याची वाट दाखवली नाही, तर माणूस एक तर तोंड फिरवतो किंवा हसतो.

आता आकड्यांकडे येऊ. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या आपल्याकडे दोन फेऱ्या झाल्या, पहिली २००९-१० मध्ये आणि दुसरी २०१६-१७ मध्ये. पाकिटावरचा इशारा पाहून सिगारेट सोडण्याचा विचार मनात आला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ३८ टक्क्यांवरून जवळजवळ ६२ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोठी आहे. मात्र गेल्या बारा महिन्यांत धूम्रपान सोडण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न केलेल्यांचे प्रमाण पहिल्या फेरीत ३८.४ टक्के होते आणि दुसऱ्या फेरीत ३८.५ टक्के. विचार करणारे एवढे वाढले आणि प्रयत्न करणारे होते तेवढेच राहिले. भीतीने मन हलते, हात हलत नाही, असाच याचा अर्थ मला दिसतो.

ही शंका नवीन नाही. जॅनिस आणि फेशबॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५३ मध्येच शाळकरी मुलांना दातांच्या स्वच्छतेविषयी तीन प्रकारची व्याख्याने देऊन पाहिली होती, आणि किडलेल्या दातांची, सुजलेल्या हिरड्यांची भीती ज्यांना सर्वांत जास्त घातली त्यांच्याच सवयी सर्वांत कमी बदलल्या. व्यसनाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. ज्याला ताण आला की विडी लागते, त्याला घाबरवणे म्हणजे त्याचा ताण वाढवणेच होय. आणि ताण वाढला की त्याचा हात कुठे जातो हे मी घरात पाहिले आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, भीतिदायक जाहिरातींवरचा आपला भर चुकीच्या जागी आहे.

प्रतिसाद : निशिगंध

आपल्या वडिलांविषयी आपण जिव्हाळ्याने लिहिले आहे, तरीही निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी सातारा जिल्ह्यात दंतवैद्य म्हणून काम करते आणि ज्या चित्रांना आपण निरुपयोगी म्हणता, त्यांच्यामुळे दवाखान्यात आलेली माणसे मी पाहिली आहेत. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आहे, तिखट लागले की आग होते, तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, अशी तक्रार घेऊन माणूस येतो. तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते मी पाहते, आणि दोनच गेली की तो स्वतःच विचारतो, ‘‘पुडीवर असते तसेच हे आहे का?’’ हा प्रश्न त्याच्या तोंडी कोणी घातला? शंभर शब्दांच्या छापील सूचनेने घातला नाही, कारण यातल्या कित्येकांना ती वाचता येत नाही.

आपल्या आकड्यांविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सर्वेक्षणाची दुसरी फेरी ऑगस्ट २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात झाली आणि ८५ टक्के आकाराचा इशारा त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लागू झाला. मागील बारा महिन्यांतील प्रयत्नांविषयीच्या प्रश्नाला आलेल्या उत्तरांत मोठ्या चित्रांच्या आधीचेही काही महिने मोजले गेले. एवढ्या तुटपुंज्या अवधीवरून चित्रे निष्फळ ठरली असे म्हणणे घाईचे आहे. शिवाय त्याच दोन फेऱ्यांत तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३४.६ वरून २८.६ टक्क्यांवर आले आणि १५ ते २४ या वयोगटात ते १८.४ वरून १२.४ पर्यंत उतरले. ही घट केवळ चित्रांमुळे झाली असा दावा मी करणार नाही, कारण कर वाढले, कायदे कडक झाले, आणि महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदीही आहे. परंतु आपण केवळ सोडणाऱ्याचा विचार केलात. ज्याने अजून सुरुवात केलेली नाही त्या पंधरा वर्षांच्या मुलाचा केला नाही. आपल्या वडिलांनी कागद चुलीत टाकला, पण चुलीत जाण्यापूर्वी तो आपण पाहिला होता. आपण विडी ओढता का?

१९५३ च्या प्रयोगानंतर पुष्कळ काम झाले आहे. २०१५ मध्ये टॅननबॉम आणि सहकाऱ्यांनी भीती घालणाऱ्या आवाहनांवरील सव्वाशेहून अधिक शोधनिबंध एकत्र तपासले, आणि भीतीने एकूणात लोकांची मते, इरादे व वर्तन बदलते, ती उलटते असे कोणत्याही परिस्थितीत आढळले नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. २०१६ मध्ये ब्रुअर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २,१४९ धूम्रपान करणाऱ्यांच्या पाकिटांवर चार आठवडे इशारे चिकटवले, काहींच्या पाकिटावर चित्रे आणि काहींच्या पाकिटावर नुसता मजकूर. चित्रे पाहणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला, मजकूर वाचणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आणि अखेरीस निदान सात दिवस सिगारेटला हात न लावलेल्यांचे प्रमाण ५.७ विरुद्ध ३.८ टक्के होते. हा फरक लहान दिसतो, पण आपल्याकडे विडी-सिगारेट ओढणारे सुमारे दहा कोटी आहेत, आणि दहा कोटींतला एक टक्का म्हणजे दहा लाख माणसे.

प्रतिसाद : करवंद

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे ग्राहकाच्या हातात पाकीट येते. आमच्या महाविद्यालयाबाहेर कोणाच्याच हातात पाकीट नसे. टपरीवर सुटी सिगारेट मिळे, दोरीला लटकवलेला लायटर असे, आणि चित्र असलेले पाकीट टपरीवाल्याच्या फळीवर आतल्या बाजूला असे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी आणली, ती याच कारणासाठी. पण अंमलबजावणी किती होते हे कोणत्याही बसस्थानकाबाहेर उभे राहिले की कळते. आणि मशेरी? ती घरातल्या तव्यावर भाजली जाते, तिला वेष्टनच नसते. आपल्या राज्यात दुसऱ्या सर्वेक्षणानुसार धूम्रपान करणारे ३.८ टक्के आहेत आणि धूरविरहित तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. चित्र प्रभावी आहे की नाही हा वाद घालण्याआधी ते कोणाला दिसते हे पाहायला हवे.

प्रतिसाद : रानवारा

मला या विषयावर लिहिणे जड जाते, तरी लिहिते. माझ्या आईला चाळीस वर्षे मशेरीची सवय होती. तिच्या खालच्या जबड्याचे उजवीकडचे हाड काढावे लागले. शस्त्रक्रिया चांगली झाली, ती बरी झाली, नंतर बरीच वर्षे जगली, शेतावर गेली, नातवंडांना तिने सांभाळले. पण चेहरा बदलला होता, आणि तो चेहरा सर्वांनी आधीच पुडीवर पाहिलेला होता. लग्नकार्यात ती पदर तोंडावर घेऊन मागच्या रांगेत बसे. वाड्यातल्या एका मुलाने तिला पाहून त्या जाहिरातीतले वाक्य म्हटले होते. मुलगा सात वर्षांचा होता, त्याला मी काय बोलणार?

निशिगंध यांचा हेतू मी जाणते, परंतु त्यांनी दवाखान्यात आलेली माणसे मोजली आहेत. जी आली नाहीत ती कोणी मोजली? माझ्या आईने तोंडातली गाठ पाच महिने लपवली. औषधोपचार होतो हे तिला माहीत नव्हते असे नाही; ‘‘तसले निघाले तर?’’ हेच ती शेवटी म्हणाली. पुडीवर ‘तंबाखू म्हणजे वेदनादायक मृत्यू’ अशा अर्थाचे शब्द असतात. लवकर आलात तर हा आजार बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, हे त्याच पुडीवर कुठेही नसते. निरोगी माणसाला घाबरवण्यासाठी आजारी माणसाचा चेहरा वापरायचा असेल, तर त्या आजारी माणसाचे काय होते याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

प्रतिसाद : जुना गिरणगावकर

मी सत्तावीस वर्षे सिगारेट ओढली आणि आता साडेपाच वर्षे ओढत नाही, म्हणून अनुभव लिहितो. पहिल्यांदा सोडली ती शेजारचे गृहस्थ फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले तेव्हा. त्यांना खांदा देऊन आलो, पाकीट मोरीत चुरगळले आणि अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी रात्रपाळीत पहाटे चार वाजता चहाबरोबर एक ओढली. पाकिटावरच्या चित्राहून मोठी भीती मी स्वतः खांद्यावरून वाहून नेली होती आणि ती अकरा दिवस पुरली, एवढेच मला पिंपळपान यांच्या बाजूने सांगायचे आहे.

मात्र तिसऱ्यांदा जी सुटली ती पाकिटामुळेच सुटली, हेही खरे आहे. सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक छापला जातो. एका संध्याकाळी खोकल्याची उबळ थांबेना, तेव्हा समोर पडलेल्या पाकिटावरचे चित्र नजरेस आले आणि त्याखालचा क्रमांक मी लावला. पलीकडच्या बाईंनी कर्करोग हा शब्द एकदाही उच्चारला नाही. दिवसातल्या कोणत्या वेळी तलफ येते ते त्यांनी मला लिहून काढायला सांगितले. माझ्या नऊ वेळा निघाल्या, त्यातल्या चार चहाच्या होत्या. सोडण्याची तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातील, झोप लागणार नाही, चिडचिड होईल, पण एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटे काढायची, असे सांगितले. महिनाभर मी चहा बंद करून ताक प्यायलो. त्यांचे फोन ठरल्या दिवशी येत राहिले, आणि दुसरा फोन येणार आहे या एका गोष्टीने मला दोनदा वाचवले. चित्र नसते तर मी फोन लावला असता का, याचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे. आणि फोन नसता तर चित्राने मला पुन्हा अकराच दिवस दिले असते.

प्रतिसाद : थेम्सकाठ

लंडनमध्ये राहत असल्यामुळे इथला एक दाखला देतो. २००७ मध्ये इथल्या आरोग्य खात्याने ओठात मासे पकडायचा गळ अडकून ओढली जाणारी माणसे धूम्रपानविरोधी जाहिरातीत दाखवली. तिच्याविरुद्ध ७७४ तक्रारी आल्या आणि लहान मुले घाबरतील या कारणास्तव जाहिरात नियामकाने आक्षेप ग्राह्य धरला. २०१२ पासून ऑक्टोबर महिन्यात वेगळी मोहीम सुरू झाली : सगळ्यांनी मिळून अठ्ठावीस दिवस सिगारेट सोडायची, कारण तेवढे दिवस निभावले तर कायमची सुटण्याची शक्यता पाचपट वाढते, असे मोहिमेत सांगितले जाते. तिच्यात भय नाही, मुदत आहे आणि सोबत आहे. भीतीला पर्याय असू शकतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

प्रतिसाद : पिंपळपान

निशिगंध, सर्वेक्षणाच्या कालावधीविषयीचा आपला आक्षेप योग्य आहे. दुसऱ्या फेरीवरून मोठ्या चित्रांचा निकाल लावता येणार नाही, हे मी मान्य करतो. आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर : नाही, मी विडी ओढत नाही. त्याचे कारण तो कागद होता की वडिलांचा रात्रीचा खोकला, हे मला वेगळे करता येत नाही.

परंतु मूळ मुद्दा मी सोडलेला नाही, आणि जुना गिरणगावकर यांच्या अनुभवाने तो मला अधिक स्पष्ट झाला. येल विद्यापीठात लेव्हन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये धनुर्वाताच्या लशीविषयी विद्यार्थ्यांना माहितीपत्रके दिली. कोणाला भीषण वर्णनाचे मिळाले, कोणाला सौम्य. भीषण वाचलेले अधिक घाबरले, लस घ्यायला हवी असेही अधिक ठामपणे म्हणाले, पण प्रत्यक्षात लस घ्यायला त्यांच्यातले फार कोणी गेले नाही. ज्यांच्या पत्रकात आरोग्य केंद्राचा नकाशा, वेळ आणि तिथे कधी जाणार ते ठरवण्याची सूचना होती, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. ज्यांना नकाशा नव्हता त्यांच्यापैकी ३ टक्के. विद्यार्थ्यांना ते केंद्र कुठे आहे हे आधीपासून माहीत होते, तरीही हा फरक पडला. आपल्या पाकिटाच्या ८५ टक्के भागातला किती भाग नकाशाचा आहे? आजार सांगणारे चित्र मोठे आणि क्रमांकाची पट्टी लहान, हे प्रमाण उलटे करावे असे मी सुचवीन. एका बाजूला चित्र राहू द्या. दुसरी बाजू पूर्णपणे सोडण्याच्या रीतीसाठी द्या, मराठी बाजारपेठेत ती मराठीत द्या, आणि रानवारा म्हणतात त्याप्रमाणे लवकर आल्यास आजार बरा होऊ शकतो हेही तिथे लिहा.

प्रतिसाद : निशिगंध

दुसरी बाजू रीतीसाठी देण्याला माझा विरोध नाही, पण पुढच्या बाजूचे चित्र सौम्य करण्याला आहे. टॅननबॉम यांच्याच अभ्यासात असे आहे की, ‘तुम्ही हे करू शकता’ हा संदेश सोबत असला की भीती अधिक परिणामकारक होते. त्याचा अर्थ भीती काढून टाका असा होत नाही.

रानवारा यांचे लिहिणे वाचून मी दोन दिवस उत्तर दिले नाही. त्यांच्या आईच्या बाबतीत जे घडले ते मी खोडून काढू शकत नाही आणि मला काढायचेही नाही. अमेरिकेत मार्च २०१२ मध्ये सुरू झालेल्या धूम्रपानविरोधी मोहिमेत टेरी हॉल नावाची एक स्त्री होती. घशाच्या कर्करोगामुळे तिचे स्वरयंत्र काढले होते. ती कॅमेऱ्यासमोर रोज सकाळी करायची तयारी दाखवते : आधी दात बसवते, मग केसांचा टोप, मग गळ्याच्या छिद्रावर बोलण्याचे साधन, वर रुमाल. हे पाहताना भीती वाटते, पण ती स्त्री किळसवाणी वाटत नाही, कारण तिला नाव आहे, ती स्वतः बोलते आणि आपल्याला काहीतरी समजावून सांगते. त्या पहिल्या मोहिमेच्या काळात तिथल्या मदतवाहिनीवरचे फोन १३२ टक्क्यांनी वाढले, आणि सुमारे एक लाख माणसांनी धूम्रपान कायमचे सोडले असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टेरी हॉल २०१३ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. मुकेश हराणे यांनाही नाव होते आणि आवाज होता. आपल्या पाकिटांवरच्या चेहऱ्यांना मात्र दोन्ही नाहीत. घाबरवायचे असेल तर माणूस म्हणून समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडून घाबरवावे, तुकड्यांत कापलेल्या चेहऱ्याने नव्हे, एवढी दुरुस्ती मी माझ्या मूळ मतात करते.

प्रतिसाद : पिंपळपान

वरची चर्चा मी रविवारी वडिलांना वाचून दाखवली. ते आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. जुना गिरणगावकर यांचा चहा आणि ताकाचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग त्यांनी विचारले की हा फोन नंबर कुठे मिळतो. बंडलाच्या कागदावरच तो छापलेला असतो, हे इतकी वर्षे त्यांना ठाऊक नव्हते, कारण कागद न पाहता चुलीत जात होता. मी नंबर खडूने डबीच्या झाकणावर लिहून दिला आहे. बुधवारी सकाळी ते माझ्यासमोर फोन लावणार आहेत.